पान परत ठेवलं का? पत्त्यांच्या संभाव्यतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं गणित शिकायला येतात. संभाव्यतेचा धडा आला की मी खडूच्या आधी पत्त्यांचा कॅट काढते आणि सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध ठेवते. या धड्यात मुलांचा गुणाकार सहसा चुकत नाही. आधी काढलेलं पान कुठे गेलं, हे न विचारताच ती गुणाकाराला लागतात, आणि तिथेच गणित फसतं. दरवर्षी मला जे प्रश्न विचारले जातात, ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवते आहे.

कॅटमध्ये नेमकं काय काय असतं? आमच्या घरी पत्ते खेळतच नाहीत.

बऱ्याच घरांत खेळत नाहीत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जोकर बाजूला काढले की ५२ पानं उरतात. बदाम आणि चौकट लाल, इस्पिक आणि किलवर काळे, प्रत्येकाची १३ पानं : एक्का, दुर्रीपासून दश्शीपर्यंत नऊ, आणि गुलाम, राणी, राजा. चित्राची पानं एकूण १२. एक्का चित्रात धरायचा नाही. एवढं पाठ असलं तरी पुरे, पण एकदा कॅट हातात घेऊन ही पानं स्वतः वेगळी करून बघा. मग पाठ करावं लागत नाही.

'परत ठेवून' आणि 'परत न ठेवता' यात फरक काय?

पहिलं पान काढलं, पाहिलं, कॅटमध्ये घालून पुन्हा पिसलं आणि मग दुसरं काढलं, तर ते 'परत ठेवून'. दुसऱ्या वेळी कॅट जसाच्या तसा, ५२ पानांचा. पहिल्या वेळी काय आलं होतं, याचा दुसऱ्या वेळेशी काही संबंध राहत नाही. अशा घटनांना आपण स्वतंत्र घटना म्हणतो.

पहिलं पान सतरंजीवरच राहिलं, तर ते 'परत न ठेवता'. आता कॅटमध्ये ५१ पानं आहेत, आणि त्यांत बदाम किती हे पहिल्या पानावर अवलंबून आहे.

दोन्ही पानं बदाम येण्याची संभाव्यता काढू. परत ठेवून : १३/५२ × १३/५२ = १/१६, म्हणजे ०.०६२५. परत न ठेवता : १३/५२ × १२/५१ = १/१७, म्हणजे ०.०५८८. दुसऱ्या अपूर्णांकात वरचा आकडाही एकाने उतरला आणि खालचाही. मुलं बहुतेक वेळा यातला एकच उतरवतात : १३/५१ तरी लिहितात किंवा १२/५२ तरी. म्हणून मी पान काढल्यावर प्रत्येक वेळी दोन प्रश्न मोठ्याने विचारायला लावते : आता कॅटमध्ये पानं किती? त्यांत आपल्या कामाची किती?

गणितात यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर काय धरायचं?

'एकापाठोपाठ एक दोन पत्ते काढले' असं असेल आणि परत ठेवल्याचा उल्लेख नसेल, तर परत न ठेवता धरा. खेळणारा माणूस काढलेलं पान हातातच ठेवतो. 'एकाच वेळी दोन पत्ते काढले' असेल तर शंकाच नाही, परत ठेवायला सवडच मिळालेली नाही. आणि जे धरलं ते उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा.

हा गोंधळ फक्त तुमचा नाही. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५७ साली संभाव्यतेवर एक छोटी पुस्तिका छापली आणि शेवटी वाचकांसाठी पाच गणितं दिली. त्यातलं एक असं : बारा गोट्या आहेत, चार पांढऱ्या आणि आठ काळ्या. तिघेजण डोळे बांधून पाळीपाळीने एकेक काढतात, ज्याला आधी पांढरी मिळेल तो जिंकला. तिघांच्या जिंकण्याच्या संभाव्यतांचं गुणोत्तर काय?

काळी गोटी निघाली तर ती परत टाकायची की नाही, हे त्यांनी लिहिलंच नाही! परत टाकली तर उत्तर ९ : ६ : ४ येतं. बाहेरच ठेवली तर ७७ : ५३ : ३५. हायगेन्स आणि त्यांचेच देशबंधू योहानेस हुडे यांची उत्तरं जुळेनात, त्यावर पत्रापत्री झाली. पुढे याकोब बर्नुली यांनी हे गणित वेगवेगळे अर्थ लावून सोडवून दाखवलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. एवढ्या मोठ्या माणसांचं एका न लिहिलेल्या वाक्यापायी अडलं, म्हणून मी मुलांना ते वाक्य लिहायला सांगते.

दोन पानं एकदम ओढली तर गणित वेगळं होतं का?

नाही. दोन पानं एकदम काढणं म्हणजे एकामागून एक, परत न ठेवता काढणं. मोजून बघा. ५२ पानांतून दोनची जोडी (५२ × ५१) ÷ २ = १,३२६ प्रकारे निवडता येते. तेरा बदामांतून (१३ × १२) ÷ २ = ७८ प्रकारे. ७८/१,३२६ म्हणजे पुन्हा १/१७.

पहिलं पान न बघताच बाजूला ठेवलं, तर दुसरं पान एक्का असण्याची संभाव्यता किती?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न हा, आणि सगळ्यात जास्त वादही यावरच होतात.

मी वरचं पान उचलते आणि कुणालाही न दाखवता चहाच्या बशीखाली सरकवते. मग विचारते, आता कॅटमधलं सगळ्यात वरचं पान एक्का असण्याची संभाव्यता सांगा. कुणी म्हणतं ४/५१, कुणी म्हणतं ३/५१, एखादं म्हणतं, 'बाई, बशीखाली काय आहे ते कळल्याशिवाय सांगताच येणार नाही.'

आकडेमोड करू. बशीखाली एक्का असला तर ४/५२ × ३/५१, नसला तर ४८/५२ × ४/५१. बेरीज २०४/२,६५२, म्हणजे १/१३. पहिल्या पानाची होती तीच! न पाहिलेलं पान बशीखाली असलं काय आणि कॅटच्या तळाशी असलं काय, आपल्या माहितीत काडीची भर पडलेली नाही.

आकडे पटले तरी मन मानत नाही. तेव्हा मी बावन्न पानं सतरंजीवर पालथी, एका ओळीत मांडते. पहिल्या जागेवर एक्का असण्याची संभाव्यता १/१३ हे सगळ्यांना मान्य असतं. मग सतराव्या जागेने काय पाप केलंय? शेवटच्या जागेने? ओळ दुसऱ्या टोकाकडून मोजली तर शेवटची जागाच पहिली होते. इथे वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी हा धडा शिकवते.

बारावीचं 'हरवलेल्या पानाचं' गणितही याच वाटेने सुटतं. कॅटमधलं एक पान हरवलं, उरलेल्या ५१ मधून दोन पानं काढली, दोन्ही चौकट निघाली. हरवलेलं पान चौकट असण्याची संभाव्यता किती? बेजच्या सूत्राने पान भरून आकडेमोड होते. पण हरवलेलं पान म्हणजे बशीखालचं पान. दोन चौकट दिसल्या, न पाहिलेली पानं ५०, त्यांत चौकट ११. उत्तर ११/५०. परीक्षेत सूत्र मागितलं असेल तर सूत्रानेच लिहा, पण उत्तर असं आधी ताडून ठेवा.

'एक एक्का आणि एक राजा' यात दोनने का गुणायचं?

कारण एक्का आधी येईल की राजा, हे गणिताने सांगितलेलं नाही. दोन्ही वाटा मोजायच्या. परत न ठेवता : २ × ४/५२ × ४/५१ = ८/६६३, म्हणजे सुमारे ०.०१२१. 'पहिला एक्का, दुसरा राजा' असं स्पष्ट असेल तर दोनने गुणायचं नाही. 'दोन्ही एक्के' यातही नाही, तिथे वाट एकच आहे.

इथे दुसऱ्या अपूर्णांकात वर ४ च राहिले, ३ झाले नाहीत, हे पाहिलंत ना? एक्का गेल्याने राजे कमी होत नाहीत.

पान परत न ठेवल्याने संभाव्यता नेहमी कमीच होते ना?

नेहमी नाही. एकाच प्रकारची पानं ओळीने हवी असतील तर कमी होते : दोन एक्के परत ठेवून १/१६९, परत न ठेवता १/२२१. वेगवेगळी पानं हवी असतील तर उलट वाढते, कारण एक पान गेल्यावर उरलेल्या कॅटमध्ये दुसऱ्या प्रकारच्या पानांचं प्रमाण चढतं. एक्का-राजाचंच घ्या. परत ठेवून २/१६९, म्हणजे ०.०११८, आणि परत न ठेवता ०.०१२१.

हायगेन्स यांच्या त्याच पाच गणितांत पत्त्यांचंही एक आहे. चाळीस पानं, चार प्रकारांची दहा-दहा. चार पानं काढून चारही प्रकार मिळवायची पैज. पहिलं पान कुठलंही चालेल, पुढे ३०/३९ × २०/३८ × १०/३७. उत्तर १,०००/९,१३९, म्हणजे सुमारे ०.१०९. प्रत्येक वेळी पान परत ठेवलं असतं तर ३/४ × २/४ × १/४, म्हणजे ०.०९४ च.

'निदान एक' विचारलं की याच कारणाने उत्तर चढतं. पाच पानांत निदान एक एक्का असण्याची संभाव्यता काढताना थेट मोजत बसू नका, 'एकही नाही' ची काढून १ मधून वजा करा. परत ठेवून १ − (१२/१३)^५ = ०.३३०. परत न ठेवता १ − (४८ × ४७ × ४६ × ४५ × ४४)/(५२ × ५१ × ५० × ४९ × ४८) = ०.३४१. एक्का न येणारं प्रत्येक पान बाहेर गेलं की एक्के आणखी दाट होतात.

मेंढीकोटमध्ये चारही मेंढ्या एकाच्या हातात येणं कितपत शक्य आहे?

गणपतीतल्या रात्री आमच्याकडे आरत्या आटोपल्या की मेंढीकोट बसतो, आणि हा प्रश्न मला तिथेच पहिल्यांदा कुणीतरी विचारला. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी : चौघेजण, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला १३ पानं, आणि दश्शी म्हणजे मेंढी. सगळी धडपड मेंढ्या ओढण्याची.

सहज सुचणारं उत्तर असं की प्रत्येक मेंढी माझ्याकडे येण्याची संभाव्यता १/४, म्हणून चारही येण्याची १/२५६. हे परत ठेवून केल्यासारखं झालं. पण इथे काय 'परत ठेवलं जात नाही'? जागा! माझ्या हातात १३ च जागा आहेत. पहिली मेंढी ५२ जागांपैकी माझ्या १३ मध्ये बसली की माझ्या १२ जागा उरल्या आणि एकूण ५१. म्हणून

१३/५२ × १२/५१ × ११/५० × १०/४९ = ११/४,१६५

म्हणजे साधारण ३७९ डावांत एकदा. २५६ आणि ३७९, केवढा फरक!

भिडूसकट धरलं तर २६ जागा : २६/५२ × २५/५१ × २४/५० × २३/४९, सुमारे ०.०५५. म्हणजे अठरा डावांत एकदा आपल्या बाजूला वाटपातच चारही मेंढ्या येतात. माझ्या हातात एकही मेंढी नसण्याची संभाव्यता ३९/५२ × ३८/५१ × ३७/५० × ३६/४९, म्हणजे ०.३०४. तेव्हा 'मला कधीच मेंढी येत नाही' ही तक्रार दहातल्या तीन डावांत खरी ठरणारच. आणि चौघांना एकेक मेंढी? ३९/५१ × २६/५० × १३/४९ = ०.१०५. सगळ्यात न्याय्य दिसणारं हे वाटप दहातून जेमतेम एकदाच होतं.

तीन पत्तीतली क्रमवारी संभाव्यतेप्रमाणेच लावलेली आहे का?

जवळजवळ, पण अगदी वरची जोडी उलटी आहे. ५२ मधून तीन पानं २२,१०० प्रकारे निवडता येतात. सारख्या आकड्याची तीन पानं, म्हणजे ट्रेल, ५२ प्रकारे. एकाच प्रकारची ओळीने तीन, म्हणजे प्युअर सिक्वेन्स, ४८ प्रकारे (एक्का-दुर्री-तिर्री आणि एक्का-राजा-राणी दोन्ही धरून १२ ओळी, गुणिले ४). म्हणजे प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षाही दुर्मीळ, तरी खेळात ट्रेल वरचढ मानतात. त्याखाली मात्र सगळं क्रमाने आहे : साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, पेअर ३,७४४. उरलेल्या १६,४४० प्रकारांत काहीच जमत नाही. चारातल्या जवळपास तीन वेळा हात रिकामाच!

ट्रेलची संभाव्यता पानापानाने काढा : पहिलं कुठलंही, मग ३/५१, मग २/५०. उत्तर १/४२५. पानं परत ठेवत गेलो असतो तर ती १/१६९ झाली असती.

हा खेळ पैशाने खेळू नका, हे मी मुलांना दरवर्षी सांगते आणि इथेही लिहिते.

तीन पानं काढली, एकही एक्का नाही. आता येण्याची वेळ झाली ना?

परत ठेवून काढत असाल तर नाही. कॅटला आठवण नसते, चौथ्या वेळीही १/१३ च. तीनशे वेळा आला नाही तरी १/१३ च.

परत न ठेवता काढत असाल तर मात्र तुमचं म्हणणं थोडं खरं आहे : आता ४/४९, म्हणजे ०.०७७ वरून ०.०८२ वर. अमेरिकन गणिती एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ सालच्या पुस्तकात हेच मांडलं की ब्लॅकजॅकमध्ये गेलेली पानं लक्षात ठेवली तर उरलेल्या पानांचा अंदाज बांधून खेळाडूला वरचढ होता येतं. त्यावर कॅसिनोंच्या उपायांपैकी एक म्हणजे खेळलेली पानं लगेच परत घेऊन सतत पिसत राहणारं यंत्र, म्हणजे 'परत न ठेवता' चं जवळजवळ 'परत ठेवून' करून टाकणं. आपल्या धड्यातली दोन वाक्यं, आणि त्यांच्यावर एक अख्खा धंदा उभा आहे.

रमीत दोन कॅट एकत्र करतात. मग?

जोकर सोडून १०४ पानं, एक्के ८. पहिली दोन्ही पानं एक्के : ८/१०४ × ७/१०३ = ०.००५२. एका कॅटला हेच ०.००४५ होतं, आठ कॅटला ०.००५७ येतं, आणि परत ठेवून ०.००५९. ढीग जितका मोठा तितकं एका पानाच्या जाण्याने बिघडतं कमी. म्हणूनच लाखो मतदारांतून हजारभर निवडताना परत ठेवल्यासारखं गणित केलं तरी चालतं. बावन्न पानांत ती सूट घेऊ नका.

सावंतवाडीच्या गंजिफांवर गणित करता येईल का?

का नाही! मला तर ते ५२ पानांपेक्षा सुरेख वाटतं. गंजिफा गोल असतात, हाताने रंगवलेल्या, लाखेचा मुलामा दिलेल्या. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही त्या रंगवल्या जातात. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांची बारा-बारा पानं : राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२०.

दोन पानं एकाच अवताराची येण्याची संभाव्यता? पहिलं कुठलंही, समजा मत्स्य. उरलेल्या ११९ मध्ये मत्स्याची ११. उत्तर ११/११९, म्हणजे ०.०९२. परत ठेवून १/१०. दोन्ही राजे यायचे तर १०/१२० × ९/११९ = ३/४७६. पाठ केलेला ५२ चा आकडा इथे उपयोगाचा नाही, त्यामुळे मुलाला रीत कळली की नुसती उत्तरं आठवतात, हे लगेच दिसतं.

पानं नीट पिसली नाहीत तर ही सगळी गणितं खोटी ठरतात का?

हो. 'चांगल्या पिसलेल्या कॅटमधून' हे शब्द पुस्तकात शोभेसाठी नाहीत. प्रत्येक पान येण्याची शक्यता सारखी, हे त्यांच्याशिवाय म्हणता येत नाही. कॅटचे दोन भाग करून फर्रर्र आवाज करत पानं एकमेकांत मिसळतात, तसं साधारण सात वेळा करावं लागतं, असं डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ साली दाखवलं. आपण घरी हातातल्या हातात पानांचे झुपके वरखाली करतो, तसं त्याहून कितीतरी अधिक वेळा करावं लागेल. परत ठेवून काढताना तर दर खेपेला.

उत्तर बरोबर आलं की नाही, मागे न बघता कसं कळेल?

सगळ्या शक्यता काढा आणि बेरीज करा. दोन पानं, परत न ठेवता, बदाम किती?

दोन्ही बदाम : १३/५२ × १२/५१ = २/३४
एकच बदाम : २ × १३/५२ × ३९/५१ = १३/३४
एकही नाही : ३९/५२ × ३८/५१ = १९/३४

दोन, तेरा आणि एकोणीस, चौतीस. मधल्या ओळीतला दोन विसरलात तर बेरीज २७.५/३४ येते, आणि चूक कुठल्या ओळीत आहे तेही बोट ठेवून सांगता येतं.